वरणकाका

वरणकाकांकडे मी पहिल्यांदा गेलो तो वरणाचा डबा घेऊन. त्या डब्याला जबाबदार माझं डच. टिलबर्गला घर घेऊन आम्हाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. नोकरी आइंडहोवनला, घर इथं, आणि डच भाषा सुपरमार्केटच्या काउंटरपुरती: पिशवी नको, पावती नको, धन्यवाद. एवढ्या शिदोरीवर मी अंगणात उभा असताना शेजारच्या नेलबाईंनी मला कुंपणावरून गाठलं. सत्तरीच्या, एकट्या, बोलायला उत्सुक. आपल्या पलीकडच्या घराकडे बोट दाखवून त्या बराच वेळ काहीतरी कळवळून सांगत होत्या. मला त्यातलं 'इंडियाचे गृहस्थ', 'एकटे' आणि 'फक्त' एवढंच कळलं. शेवटचे दोन शब्द मात्र अगदी मराठीत ऐकू आले. सार आणि वरान.

मी घरात येऊन बायकोला म्हटलं, "मंजिरी, नेलबाईंच्या पलीकडे आपलाच माणूस राहतो गं. एकटा आहे बिचारा. नुसतं सार आणि वरण, एवढ्यावर दिवस काढतोय."

मंजिरीला कुणी उपाशी आहे म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. तासाभरात डबा तयार. वरण, मऊ भात, वर तूप, लिंबाची फोड, आणि वेगळ्या डबीत बटाट्याच्या काचऱ्या. मी जाऊन बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या माणसानं. अंगात एकावर एक दोन स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी, घरातल्या घरात. उजव्या हातात लांब चिमटा, आणि चिमट्यात पाय झाडणारं एक जिवंत झुरळ.

"मी खरे," मी म्हटलं. "नवीन राहायला आलोय. वरण आणलंय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती हे खात नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"वरान. आत या आधी. दार लावा, ऊब जाते."

डचमध्ये घोरपडीला वरान म्हणतात, आणि सार हे इथल्या बायकांचं अगदी साधं नाव, हे मला त्या दिवशी, हातात गरम डबा धरून, एका घोरपडीसमोर उभं असताना कळलं. काकांनी डबा मात्र घेतला. मी घरी येऊन झाला प्रकार सांगितल्यावर मंजिरी अर्धा तास हसत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव वरणकाका. खरं आडनाव नंतर कळलं, पण ते कधी वापरात आलं नाही.

काका सांगलीचे. पस्तीसेक वर्षांपूर्वी इथे आले आणि आइंडहोवनच्या एका कारखान्यात सगळी नोकरी तापमान सांभाळण्यात घालवली. तिथल्या यंत्रांना एका अंशाच्या शंभराव्या भागाचा फरकही सोसत नाही म्हणे. निवृत्त झाल्यावर ती सगळी विद्या त्यांनी सारवर लावली. बैठकीच्या खोलीची अर्धी जागा तिच्या काचघरानं व्यापली होती. आत गुडघाभर माती, कारण ही घोरपड आफ्रिकेच्या माळरानावरची, बीळ खणून राहणारी. एका टोकाला सपाट दगड, त्यावर दिवा, आणि त्या दगडावर पन्नास अंशांच्या वरचं ऊन. दुसऱ्या टोकाला सावली, पंचवीसच्या आसपास. मधे ती स्वतः ठरवणार, आपल्याला कुठं बसायचंय ते. "तिच्या अंगात शेगडी नाही," काका सांगत. "आपण बाहेर मांडून द्यायची. कुठल्या शेगडीजवळ किती वेळ बसायचं, ते तिला कळतं."

आणि उरलेलं घर सोळा अंशांवर. टिलबर्गच्या जानेवारीत, जेव्हा चार वाजता दिवस संपतो आणि आभाळ छपरावर बसल्यासारखं असतं, तेव्हा काका काचघराला खुर्ची टेकवून माकडटोपीत बसलेले असत. मी एकदा म्हटलं, "अहो काका, थोडं हीटिंग वाढवा की." ते म्हणाले, "माणसाला स्वेटर घालता येतो."

मराठी मंडळाच्या गणपतीला ते येत नसत. एकदा आले होते म्हणे, पण घोरपड म्हटल्यावर प्रत्येकानं तीन मिनिटांच्या आत दोर आणि किल्ल्याचा विषय काढला. पाचव्या माणसानंतर ते प्रसाद घेऊन निघाले. "हिला दगडावर चढतानासुद्धा धाप लागायची," ते मला म्हणाले. "किल्ला कुठला चढतेय."

धाप लागायची त्याचं कारण त्यांची मुलगी रेणू. रेणूनं पंधरा वर्षांची असताना प्राण्यांच्या जत्रेतून वीतभर पिल्लू आणलं होतं आणि लाडानं त्याला मांजराचं डबाबंद खाणं घालून घालून भोपळा करून टाकलं. पुढे रेणू शिकायला गेली, मग नोकरीला व्हँकुव्हरला, आणि भोपळा बापाकडे राहिला. काकांनी दोन वर्षं लावून तिला उतरवलं. किडे, गोगलगायी, कधीमधी उकडलेलं अंडं. झुरळं ते घरीच एका टबात वाढवत. द्यायच्या आधी डबीत घालून, वर चुन्याची पांढरी पूड टाकून हलवत, करंज्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तसे. मी हे घरी सांगितल्यावर मंजिरीनं पुढच्या दिवाळीत करंजीला हात लावला नाही.

मंजिरी तिला 'ती मोठी पाल' म्हणायची. शनिवारी डबा पाठवायची, पण स्वतः दारातूनच परत. मी डबा घेऊन जायचो आणि तोच डबा रिकामा होऊन मिळायची वाट पाहत पाच मिनिटं उभा राहायचो. बसायचो नाही. शनिवारी कामं फार असतात. कुठली ते आता आठवत नाही.

त्या पाच मिनिटांत काका काही ना काही सांगत. एकदा ते काचघरातली लांब ट्यूब काढत होते. ती चांगली उजळत होती. मी म्हटलं, "चालू आहे की."

"दिसतेय चालू," ते म्हणाले. "हाडं धरायला लागतं ते किरण वर्षाच्या आत संपतात. उजेड राहतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. तिच्या हाडांना कळतं." आणि ती चांगली दिसणारी ट्यूब त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

त्यांचं दुसरं सांगणं जेवणाबद्दल. आपल्याकडे आग्रहाचं प्रेम. मी दोनतीनदा म्हटलं, "आज बारीक दिसतेय, अजून दोन द्या ना." त्यावर ते चिमटा खाली ठेवत. "खरे, आधी ऊब, मग जेवण. अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, ते तिथंच कुजतं. घोरपडी उपाशी मरत नाहीत. भरल्या पोटी मरतात."

तिसरं आकड्यांचं. त्यांच्याकडे पिस्तुलासारखा एक तापमापक होता. चाप ओढायचा, लाल ठिपका पडतो, आकडा दिसतो. ते रोज दगडाचा, सावलीचा आणि तिच्या पाठीचा आकडा वहीत लिहीत. मी एकदा वही चाळत म्हटलं, "सगळीकडे दशांश. सरळ पन्नास लिहा की." काका म्हणाले, "खरं तापमान कधी गोल नसतं. कारखान्यात कुणी मला पन्नास आणून दिलं की मी समजायचो, गडी मोजायला गेलाच नाही."

आता रविवारबद्दल सांगतो, कारण काकांचा सगळा आठवडा रविवारसाठी असायचा. रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिच्याकडच्या सकाळी, रेणूचा फोन यायचा. काकू होत्या तोवर फोन काकूच घेत. काका मागून "जेवली का विचार" एवढं म्हणत. काकू गेल्या आणि फोन काकांच्या हातात आला. बाप मराठीत बोलणार, मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर देणार, मधेच डच. पहिले काही महिने हवामान झालं. मग तेही संपलं. मग एकदा तिनं विचारलं, सार कशी आहे? आणि काकांना बोलायला सापडलं. आकडे, वजन, कात कुठवर आली, बीळ केवढं खणलं. फोनची घंटा झाली की सार बिळातून बाहेर येऊन काचेवर नखं ओढायची, खर्र खर्र. काका फोन काचेला लावून धरायचे. "बघ, तुझा फोन ओळखते." पलीकडून रेणूचं हसू ऐकू यायचं. मी दोनदा हजर होतो, डबा न्यायला गेलेला, म्हणून सांगतो.

फोन ठेवल्यावर काका एकदा म्हणाले, "आमच्या दोघांत बोलायला ही एकच आहे. म्हणून हिला टिकवायची." आवाजात काही नव्हतं. झडप बदलायला हवी, असं मिस्त्री म्हणतो तसं.

झडप बदलायची वेळ आली ती त्यांच्याच हृदयाची. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. चार दिवसांचं काम म्हणाले होते डॉक्टर. काकांनी मला बोलावून तासभर शिकवणी घेतली. रेणूला ऑपरेशनचं सांगायचं नाही, रविवारचा फोन ते दवाखान्यातून घेणार. मी रोज संध्याकाळी घरी जाऊन मोजायचं, सात वाजता ते मला फोन करणार. नेलबाईंकडे जादा किल्ली आहे, अडलं तर त्यांना सांगायचं. आणि शेवटी त्यांनी बटणं दाखवली.

इथं माझ्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील घराबाहेर पडताना खोलीखोलीतून फिरून बटणं बंद करत. मीही करतो. इथल्या भिंतीतल्या सॉकेटांना बटणंच नसतात, त्यामुळे इतकी वर्षं माझी बोटं उपाशीच होती. काकांनी मात्र सांगलीहून आणून एक लाकडी बोर्ड बसवला होता, आपल्याकडे जुन्या घरांत असायचा तसा, काळ्या गोल बटणांचा. खाली त्यांच्या रेखीव अक्षरात तीन चिठ्ठ्या: ऊन, उजेड, ऊब. ऊन आणि उजेड घड्याळावर आपोआप चालत. ऊब म्हणजे रात्रीचा उष्णतेचा दिवा, तो सतत. बटणांना हात लावायचं काम नव्हतं. तसं तिथं चौथ्या चिठ्ठीवर लिहिलंही होतं.

चार दिवसांचे वीस झाले. काकांना ताप आला, दवाखाना सोडेना. मी रोज जात होतो, मोजत होतो, खरे आकडे सांगत होतो. रविवारी सकाळी तिला खायला घालायचा वार. मी हातमोजे घालून, तोंड फिरवून, पूड लावलेली सात झुरळं दिली. ती एकेक मटकावून दगडावर पसरली. मला फार बरं वाटलं. घरी पाहुणे येणार होते, मंजिरीचा फोन आला, कुठं राहिलास म्हणून. मी कोट चढवला, सुखानं खोलीवर नजर टाकली, आणि निघता निघता टक, टक, टक.

मला कळलंही नाही. बोटांना कळलं असेल.

रविवारी रेणूचा फोन झाल्यावर काकांना मी सकाळचे आकडे सांगितले, ते खरे होते. सोमवारी बर्फ पडला आणि गाड्या बंद पडल्या. संध्याकाळी सात वाजता मी आइंडहोवन स्टेशनच्या फलाटावर, हजार माणसांत, पाय बडवत उभा. काकांचा फोन आला. "आकडे?" नेलबाईंना एक फोन केला असता तर त्या दोन मिनिटांत जाऊन आल्या असत्या. पण म्हटलं, आजारी माणसाला कशाला घोर. रोज तेच तर असतं.

"पन्नास," मी म्हटलं. "सावली पंचवीस."

मग काका म्हणाले, "बरं."

मंगळवारी संध्याकाळी मी दार उघडलं तर काचघर अंधारं. बैठकीच्या खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तेवढा. ती दगडावरच होती, रविवारी सकाळी पसरली तशीच, पण चपटी पडल्यासारखी. पाठीला हात लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, हातमोजा न घालता. ओल्या चपलेसारखी गार. पोटाची बाजू मात्र हलली, हळूच. मी तिन्ही बटणं लावली आणि बायकोला फोन केला. काय बोललो आठवत नाही. ती पाच मिनिटांत आली, एका हातात गरम पाण्याची पिशवी, दुसऱ्या हातात गोधडी, आणि पायात घरातल्या सपाता, बर्फात.

"सर," ती म्हणाली, आणि मला बाजूला करून मोठ्या पालीला तिनं दोन्ही हातांनी उचललं.

बरोबर सातला फोन वाजला. "आकडे?" मी चाप ओढला. "दगड एकोणतीस पॉइंट चार. चढतोय. सावली पंधरा पॉइंट आठ."

"हं," काका म्हणाले. "आज गेलात."

मी म्हटलं, "काका, काल मी..."

"काल विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक खोटं बोलला असता. एक पुरे. खरे, पोटात काय आहे तिच्या?"

"सात झुरळं. रविवारची."

मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. दगडावर ठेवू नका, भाजेल. हळूहळू गरम करा. पाणी द्या, खाणं नाही. उद्या डॉक्टरकडे. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं ओकलं. नेलबाईंनी आपली जुनी छोटी गाडी काढली. पुढे मी, वाट दाखवायला, जी नेलबाईंना माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त माहीत होती. मागे मंजिरी, मांडीवर गोधडी, गोधडीत गरम पाण्याची पिशवी आणि घोरपड, बाहेर फक्त तोंड. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईनं बाळ समजून कौतुकानं वाकून पाहिलं. पुढे तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीत कफ झाल्याचं सांगितलं, सुया दिल्या, आणि अशा प्राण्याला कुणी गार पडू दिलं म्हणून विचारलं. डच असूनही मला सगळं कळलं. पुढचे बारा दिवस मंजिरी रोज तिच्यापाशी जाऊन बसायची. विणकाम न्यायची. तिच्याशी काहीबाही बोलायची. "बसून राहायला काय लागतं?" ती म्हणाली.

काका घरी आले तेव्हा सार जिवंत होती. ते निम्मे झाले होते. त्यांनी कोटही न काढता तिच्या पाठीचा आकडा घेतला, वहीत मधली पानं पाहिली, सोमवारची माझी रिकामी ओळ पाहिली, आणि वही मिटली. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण ती पहिल्यासारखी झाली नाही. श्वासात शिट्टी राहिली, वजन उतरत गेलं. फोन वाजला की बाहेर यायची, पण सावकाश. मे महिन्यात, बाहेर लोक बिनबाह्यांचे फिरत असताना, एका सकाळी ती बिळातून वर आली नाही. काकांनी कोपरापर्यंत हात घालून तिला काढलं. मागच्या अंगणात आम्ही दोघांनी खड्डा खणला. त्यांना चार फावड्यांवर दम लागत होता, तरी फावडं मला देईनात. मातीत ठेवायच्या आधी त्यांनी सवयीनं तिच्या पाठीवर ठिपका धरला, आकडा वाचला, आणि तापमापक खिशात घातला.

मी धीर करून विचारलं, "काका, त्या थंडीमुळे का?"

"बारा वर्षांची होती," ते म्हणाले. "वय झालं होतं." मग फावडं उचलत, "जे मोजलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही." ही माफी होती की नव्हती, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी शनिवारी बसायला लागलो. आता बसायला हरकत नव्हती, कामं आपोआप कमी झाली होती. डबा आम्ही दोघं मिळून खायचो. काचघर तसंच होतं, माती ओली, दगड जागेवर. दिवेही चालू. मला वाटलं, आजारी माणूस, राहून गेलं असेल.

जूनमधल्या एका रविवारी मला उशीर झाला आणि सात वाजले. फोन वाजला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी उठायला लागलो, त्यांनी हातानं बसवलं. मग खुर्चीतून उठले, पिस्तूल घेतलं, रिकाम्या दगडावर लाल ठिपका धरला आणि फोन उचलला.

"हं, रेणू. आज एक्कावन्न पॉइंट तीन. सावली चोवीस पॉइंट नऊ. वजन दोन किलो एकशे ऐंशी. हो, जरा भरलीय. कात सोडतेय, शेपटीपाशी राहिलीय. झोपलीय आत्ता, खणून दमली."

दहा मिनिटं बोलणं चाललं. पलीकडून प्रश्न येत होते, काका उत्तरं देत होते, एकही आकडा गोल नव्हता. दगडाचा आणि सावलीचा तर खराच होता. फोन ठेवून ते बसले. काचघरातला उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"खरे," ते म्हणाले, "खोटं बोलायचं तर दशांशात बोलावं."



उन्हाळाभर तसंच चाललं. दर रविवारी सात वाजता ती जिवंत असायची. ऑगस्टमध्ये त्यांनी ट्यूब बदलली. मुदत झाली होती म्हणाले. ऑक्टोबरात, घड्याळं मागे करायच्या आधीच्या आठवड्यात, नेलबाईंना दुपारपर्यंत पडदा उघडलेला दिसला नाही. त्यांनी किल्ली लावली. काका खुर्चीतच होते, काचघराला टेकून, माकडटोपीत. ऊन आणि उजेड घड्याळाप्रमाणे लागलेले होते. खोलीत तेवढंच गरम होतं.

रेणू चौथ्या दिवशी आली. बापासारखीच उंच. सगळे विधी झाल्यावर घर आवरायला मी आणि मंजिरी गेलो. मी रात्रभर वाक्य जुळवलं होतं, की सारबद्दल तुला सांगायचं राहिलं. रेणू काचघरासमोर उभी होती. मी सुरुवात केली तशी ती इंग्लिशमध्ये म्हणाली, माहीत आहे, मे महिन्यापासून.

"काकांनी सांगितलं?"

तिनं मान हलवली. मग मराठी शोधत म्हणाली, "काचेवर नख नव्हतं. फोन वाजला की नख यायचं. मग नाही आलं."

"मग तू विचारत का राहिलीस? दर रविवारी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न आहे. "दुसरं काय विचारणार होते मी?" हे मात्र ती नीट मराठीत बोलली, काकूंच्या सुरात असणार.

मंजिरीनं तिचा हात धरला. मग रेणू बोर्डापाशी गेली आणि चिठ्ठीवरची अक्षरं लावत मला म्हणाली, तुम्ही बंद कराल? जन्मभर दिसेल ते बटण बंद करत आलेला मी. माझा हात वर गेला नाही. शेवटी तिनंच केली. उजेड. ऊन. 'ऊब' या शब्दावर ती थांबली, मंजिरीला अर्थ विचारला, मंजिरीनं तिला सांगितला. मग तेही बटण टक झालं.

आम्ही घरी निघालो तेव्हा साडेचारचा अंधार पडायला लागला होता. मधे नेलबाईंचं एकच घर, पण ते अंतर त्या दिवशी संपेना. आमची मुलगी ईशा दोन वर्षांपासून खूप वर, उत्तरेला ग्रोनिंगनला शिकते. तिला मी दर रविवारी फोन करतो. जेवलीस का विचारतो, ती 'हो बाबा' म्हणते, आणि मी फोन आईकडे देतो.

दारात किल्ली शोधत असताना मंजिरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी ईशाला जेवलीस का विचारू नकोस. खोली गरम आहे का विचार. आणि ती नुसतं 'वीस' म्हणाली, तर लगेच फोन ठेवू नकोस."